रिजेक्शन कुणाच्या नावावर?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामावर, सुपरवायझर आहे. लाइन इन्चार्जसाठी दोघांपैकी एकाचं नाव साहेबांना द्यायचंय. एक आमच्या खानापूरकडचा, बोलायला चोख, वेळेवर येणारा. दुसरा गोकाकचा, कानडी, अबोल. रात्रपाळीत त्याच्या लाइनला ब्लो होलचं, म्हणजे ओतीव मालात गॅसमुळे पोकळ्या राहून माल नापास होण्याचं, रिजेक्शन जास्त. मन पहिल्याकडेच ओढतंय. हा पक्षपात का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी मला सांगा, रात्रपाळीला साच्याची वाळू कोण तपासतं? तुमच्या पत्रात गाव आहे, भाषा आहे, स्वभाव आहे. वाळू कुठेच नाही. वाळूत ओल जास्त राहिली, कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) कच्चा राहिला, गॅस निघायला वाट कमी पडली की ब्लो होल येणारच. जुलैतल्या आपल्या पावसात तर विचारूच नका. दिवसा लॅबचा माणूस ओलावा मोजतो. रात्री तो नसेल, तर ते रिजेक्शन त्या गड्याच्या नावावर का मांडायचं? समोरचा माणूस दिसतो, त्याच्याभोवतीची परिस्थिती दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली नेमक्या याच खोडीवर बोट ठेवलं होतं.

आणि ‘अबोल’ म्हणता, तो कुणाशी अबोल? तुमच्याशी मराठीत बोलताना अडखळत असेल बिचारा. पाळी बदलताना हेल्परांना कानडीत काय सांगतो, ते एकदा शेजारी उभं राहून ऐका की. तुम्हाला कानडी कळतंच. बेळगावात राहून न कळून चालतंय कुठे?

खानापूरवाल्याचं चोख बोलणंही जरा बाजूला ठेवा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० मध्ये फौजेतल्या गुणपत्रकांत दिसलं होतं, की शिपायाची एक बाजू अधिकाऱ्याच्या मनात भरली की बाकीच्या रकान्यांतही गुण वाढत. म्हणून एका माणसाचं गुणांचं पान एकदम भरू नका. आधी दोघांची हजेरी, मग दोघांचं शिकवणं, मग सुरक्षितता. डॅनियल काहनेमन (२००२चे अर्थशास्त्रातले नोबेल विजेते) इस्रायली सैन्यात तरुण अधिकारी होते, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांना असाच एकेक गुण सुटा मोजायला लावत.

रिजेक्शन मात्र पाळीवार नको, पॅटर्नवार (ज्या नमुन्यावरून साचा बनतो त्यानुसार) मांडा. साहेब महिनाभर थांबत असतील तर दोघांच्या पाळ्याच बदला. मला पत्र लिहिण्यापेक्षा ते सोपं!

एवढं करून पहिलाच सरस ठरला तर त्याचं नाव बिनधास्त द्या, खानापूरचा असणं हा काही गुन्हा नव्हे. फक्त शिफारशीला गुणांचा तो कागद जोडा, आणि रात्री ओलावा मोजायची सोय त्याच अर्जात मागून घ्या. इन्चार्ज कुणीही झाला तरी ती लागणारच.