मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. पार्लरमध्ये फिलर करून घेऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४९ आहे, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन रेषा फोटोत फार दिसतात आणि नेहमीची पार्लरवाली बारा हजारांत फिलर करून द्यायला तयार आहे. फिलरला, म्हणजे रेष किंवा गाल भरून काढायला कातडीखाली टोचतात त्या पदार्थाला, माझा विरोध नाही. मी स्वतः ५२व्या वर्षी इथेच, पुण्यात घेतलंय. पण पार्लरमध्ये करू नका. कितीही वर्षांची ओळख असली तरी नको.

माझ्या चुलत जावेने हेच केलं होतं. पुतण्याच्या लग्नाआधी, घराजवळच्या पार्लरमध्ये, दोन्ही गालांवर. तीन आठवड्यांनी गालात गाठी लागायला लागल्या. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "टोचलं काय होतं?" आम्हाला सांगता येईना. खोका नाही, बिल नाही, पार्लरवाली म्हणाली इंपोर्टेड होतं. गाठी विरघळवायचं इंजेक्शन देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. मग स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, सात महिने गेले. लग्नाच्या अल्बममध्ये ती प्रत्येक फोटोत मान वळवून उभी आहे. मला तो अल्बम अजून बघवत नाही.

टोचलं काय, याला एवढं महत्त्व का? आज सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर. नावात अॅसिड असलं तरी घाबरू नका, हा आपल्या त्वचेत मुळातच असणारा, पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो पहिल्यांदा गायीच्या डोळ्यातून वेगळा काढला. नुसता टोचला तर शरीर तो फार लवकर पचवून टाकतं, म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंफून जेल बनवतात. ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. त्याआधी गायीच्या कोलॅजनची इंजेक्शनं असायची. त्यांची अॅलर्जी यायची, म्हणून आधी हातावर टोचून आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागे. हायल्युरॉनिकचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते परत काढता येतं. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की ते विरघळतं. कॅल्शियमचं किंवा कायमस्वरूपी फिलर असेल तर त्या एन्झाइमचा काही उपयोग नाही. म्हणून पहिल्यांदा घेताना हायल्युरॉनिकच घ्या. खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यात बॅच नंबरचे स्टिकर असतात, त्यातला एक तुमच्या फाइलला चिकटवून घ्या.

आता खरी भीती. ज्या रेषेबद्दल तुम्ही विचारताय, तिच्या अगदी जवळून चेहऱ्याची मुख्य रोहिणी जाते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरायला लागते. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात, त्यामुळे क्वचित दृष्टीही जाते. क्वचित म्हणजे खरोखरच क्वचित, पण झालं तर हातात फार थोडा वेळ असतो. टोचताना किंवा नंतर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर-जांभळे डाग उठले, न थांबणारी कळ आली किंवा अंधुक दिसायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला डॉक्टरांना गाठायचं.

म्हणून मी दोन ठिकाणी एकच प्रश्न विचारला होता, "हायल्युरोनिडेज आत्ता दवाखान्यात आहे का?" पहिल्या ठिकाणी उत्तर आलं, "आमच्याकडे असं कधी होत नाही." मी पर्स उचलून बाहेर पडले. दुसऱ्या डॉक्टरांनी उठून बाटल्या आणून दाखवल्या आणि रात्री फोन कुणाला करायचा तेही लिहून दिलं. एमडी त्वचारोग आहेत की प्लास्टिक सर्जन, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. अजिबात वाटून घेऊ नका.

या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मला झोपवून न तपासता खुर्चीत ताठ बसवलं, हातात आरसा दिला आणि गाल दोन बोटांनी जरासा वर उचलून दाखवला. रेष अर्धी झाली! आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे बारीक सुरकुत्या उशिरा पडतात, पण गालातली चरबी आणि खालचं हाड झिजतंच, गाल खाली येतो आणि त्याची सावली पडते. तीच आपल्याला रेष वाटते. त्यांनी रेषेत फार थोडं भरलं, बाकीचं गालाच्या उंचवट्याला आधार म्हणून दिलं. दोन्ही बाजू मिळून एक मिलिलिटरची एक सिरिंज लागली, मला २४ हजार पडले. कपाळाच्या किंवा भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स असतं, ते स्नायू सैल करतं. त्याचा आणि फिलरचा संबंध नाही.

दुखलं फारसं नाही, जेलमध्येच बधिर करायचं औषध होतं. पण उजव्या गालावर नऊ दिवस काळंनिळं होतं. तुम्ही गाडी चालवत असाल तर दोन-तीन दिवस स्कार्फ करकचून बांधू नका, घट्ट हेल्मेटही नको. पंधरा दिवस फेशियल, वाफ, मसाज आणि दातांची कामं बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने थांबवू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

तुमच्याकडे आठ आठवडे आहेत. लग्नाच्या चार आठवडे आधी सगळं उरकलेलं हवं, म्हणजे सूज उतरायला आणि थोडं कमीजास्त वाटलं तर दुरुस्तीला वेळ मिळेल. तेवढ्यात जमत नसेल तर लग्न होऊन जाऊ द्या. या आठवड्यात दोन डॉक्टरांना नुसतं भेटून या, पहिल्याच भेटीत सुई घेऊ नका. आणि सोबत तुमचाच दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो न्या, गाल कुठे होता ते त्यांना त्यात दिसेल.