कोल्हापूर: 28 आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाला ताप नाही, तरी डॉक्टर पाठीतून पाणी काढायचं म्हणतात. काढू द्यावं का?
हो, काढू द्या; ताप नाही म्हणजे मेंदूज्वर नाही, असं एवढ्या लहान जिवात धरता येत नाही. मी इथेच पेटीतल्या बाळांच्या विभागात नर्स आहे. या बाळांची मान आखडत नाही, टाळू फुगलीच तर उशिरा. दिसतं ते एवढंच: मध्येच श्वास थांबून मॉनिटर वाजतो, नळीने दिलेलं दूध पोटात तसंच राहतं, अंग गार पडतं. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) काही आलं नाही तरी निश्चिंत होऊ नका. मेंदूज्वराच्या साधारण तिघांतल्या एका बाळाच्या रक्तात जंतू सापडतच नाहीत. औषधाचे दिवसही या पाण्यावर ठरतात: संसर्ग नुसता रक्तात असेल तर बहुधा 10 ते 14, क्लेबसिएला किंवा ई. कोलाय हे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेले असतील तर किमान 21. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे ‘पोर पांगळं होईल’ हे घरच्या मोठ्यांचं म्हणणं मनावर घेऊ नका. मात्र बाळाचा श्वास किंवा रक्तदाब सावरलेला नसेल, प्लेटलेट फार कमी असतील, तर अँटिबायोटिक लगेच सुरू करून पाणी नंतर काढतात. सीपीआर (इथलं सरकारी रुग्णालय) असो की खासगी, कल्चरचा रिपोर्ट मागून घ्या. कोणतं औषध लागू पडतंय ते त्यात असतं.