घर दवाखान्याला द्यायचं, पण कागदावर नाव कुणाचं?

नमस्कार काका. मूलबाळ नाही, राजारामपुरीतलं घर आणि ठेवी तुम्हा दोघांच्या मागे जवळच्या दवाखान्याला मिळाव्यात, त्यासाठी दोघांचं मिळून एक मृत्युपत्र करावं की आत्ताच बक्षीसपत्र, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरातच एका ट्रस्टच्या दवाखान्यात २२ वर्षं हिशेब सांभाळले. अशी दानं पोचतात कशी आणि अडकतात कुठे, हे घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

बक्षीसपत्र नको. त्याला मुद्रांक शुल्क लागतं आणि एकदा नोंदलं की सहसा मागे घेता येत नाही. उद्या काकूंच्या आजारपणासाठी घर विकायची पाळी आली तर हात बांधलेले राहतील. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, शुद्धीवर असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. पण दोघांचं मिळून एक करू नका. एकजण गेल्यावर मागे राहिलेल्याला त्यात बदल करता येतो की नाही, यावर वकिलांचे वाद रंगतात. दोघांची दोन स्वतंत्र करा. पहिल्यांदा सगळं एकमेकांना, पूर्ण मालकीनं. जोडीदार आधीच गेलेला असेल तर दवाखान्याला. म्हातारपणी एकट्या राहिलेल्या माणसाला पैशासाठी कुणाकडं तोंड वेंगाडायला लागू नये, हे मला दानापेक्षाही मोठं वाटतं.

आता खरी अडचण. दवाखान्याच्या पाटीवर जे नाव असतं ते बहुतेकदा मालकाचं नसतं. मालक असतो ट्रस्ट, त्याचं नाव वेगळं. मृत्युपत्रात ट्रस्टचं पूर्ण नाव, सार्वजनिक विश्वस्त नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहा. ट्रस्टची नोंद जिथं असते त्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी केली की खात्री होते. काही दवाखाने धर्मादाय वाटतात आणि असतात एखाद्या डॉक्टरांचे किंवा कंपनीचे, तेही तिथंच कळतं. मनात थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), असेल तर तो सरकारी. तिथं अधिष्ठात्यांच्या कार्यालयाकडून लेखी घ्या की दान कुणाच्या नावानं आणि कुठल्या खात्यात घेतात.

दुसरं, हेतू फार आवळून लिहू नका. आमच्याकडं एका निवृत्त शिक्षक दांपत्याची मोठी रक्कम आली होती. मृत्युपत्रात शब्द होते, 'फक्त डायलिसिस मशीन घेण्यासाठी'. बाईंची बहीण मूत्रपिंडाच्या आजारानं गेली होती, त्यामुळं भावना समजण्यासारखी होती. पण रक्कम हातात येईपर्यंत मशीनं दुसऱ्या मार्गानं आली होती. कमी पडत होतं ते त्यांना लागणारं शुद्ध पाणी करणारं आरओ संयंत्र, आणि रात्रपाळीला तंत्रज्ञ. पैसा बँकेत पडून, आणि बाहेर बाकड्यावर पेशंट नंबर लागायची वाट बघत बसलेले. हेतू बदलायला परवानगी मिळवण्यात वर्षं गेली. ती फाईल माझ्याच टेबलावर होती. अजून आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून असं लिहा: 'मूत्रपिंडाच्या गरीब रुग्णांच्या उपचारासाठी, ती गरज न उरल्यास दवाखान्यातल्या इतर गरीब रुग्णांसाठी.' मुद्दल राखून व्याजच खर्चावं असं वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहावं लागतं. आणि ट्रस्ट बंद पडला किंवा दुसऱ्यात विलीन झाला तर कुणाला, हे एका ओळीत घाला. घर विकून रक्कम द्यायची की घरच द्यायचं, हेही ठरवा. घरच दिलं तर ट्रस्टला पुढं ते विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. माझं मत, मृत्युपत्राच्या व्यवस्थापकानं, म्हणजे तुमच्या मागे ते अमलात आणायला तुम्ही त्यात नेमाल त्या माणसानं, विकून रक्कम द्यावी.

ठेवींवर नामनिर्देशन (नॉमिनी) आज कुणाचं आहे, ते बघा. बँक ठेवीवर संस्थेचं नाव लावता येत नाही, व्यक्तीचंच लागतं. पुतण्याचं असेल तर बँक रक्कम त्याच्या हातात देईल. कायद्यानं तो मालक होत नसला तरी दवाखान्याला ती मागत बसावं लागेल. एकमेकांनंतर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचंच नाव राहील असं करून घ्या. व्यवस्थापक तुमच्याहून बराच लहान हवा.

साक्षीदार दोन, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा, पण तो दान ज्याला देताय त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा अजिबात नको. उद्या कुणी कोर्टात गेलं तर पहिलं बोट तिथंच ठेवलं जाईल. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा.

पुतण्यांना आत्ताच, घरी जेवायला बोलावून, दोघांनी मिळून सांगा. त्यांना ठरावीक रक्कम द्यायची असेल तर ती मृत्युपत्रात आधी लिहा, उरेल ते दवाखान्याला. मी पाहिलेले बहुतेक तंटे पैशाच्या लोभापेक्षा 'आम्हाला कुणी बोललंच नाही' या दुखण्यातून उठले.

जमेल तेवढं हयातीतही द्या. प्राप्तिकराची सवलत जिवंतपणी दिलेल्यावरच मिळते, तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तर, आणि २,००० रुपयांवरची रोख रक्कम चालत नाही. त्या निमित्तानं दवाखान्याचा कारभार, हिशेब, पेशंटशी बोलणं, सगळं डोळ्यांनी दिसेल. पटलं नाही तर मृत्युपत्र बदलायला वेळ हातात आहे.

मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका, दोघांच्या मागे तो उघडेपर्यंतच महिने जातात. व्यवस्थापकाकडं द्या, किंवा जिल्हा निबंधकांकडं मोहोरबंद पाकिटात ठेवायची सोय आहे, ती वापरा.