ताटावर झेपावणारं बाळ आणि पहिला घास

अगं, बाळ साडेपाच महिन्यांचं, मांडीवर घेऊन जेवायला बसलीस की थेट तुझ्या पोळीला हात घालतं. सासूबाई म्हणतात आजपासूनच डाळीचं पाणी दे, डॉक्टर म्हणतात सहा महिने पूर्ण होऊ देत. तुझा प्रश्न वाचला आणि माझी नात डोळ्यांसमोर आली. माझ्या प्रत्येक घासाबरोबर ती तोंड उघडायची.

तरी हे पंधरा दिवस थांब. ताटावर झेपावणं म्हणजे भूकच असं नाही, या वयात किल्ली, चष्मा, रिमोट सगळंच तोंडात जातं. मान ताठ राहते का, थोडा आधार दिला की बसतं का, आणि ओठाला लागलेलं जिभेनं बाहेर ढकलणं थांबलंय का, हे बघ. तोवर जेवताना मांडीवर घे आणि हातात रिकामी वाटी दे.

सहा महिन्यांनंतर मात्र लांबवू नकोस. जन्मतः अंगात असलेला लोहाचा साठा तेव्हा संपत येतो आणि दुधातलं लोह पुरत नाही. उष्टावणाचा मुहूर्त पुढे गेला तर साखर-गूळ न घातलेली खीर त्या दिवशी चाटव, पण मऊ भात वेळेवर सुरू कर. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध सरकारी योजनेत मिळतं, आशाताईंना विचार.

आता डाळीच्या पाण्याबद्दल. माझ्या थोरल्याला मी दोन महिने वरचं पाणीच पाजलं. पोट टम्म भरायचं आणि वजन काटा हलवायचं नाही. डाळ सगळी तळाशी आणि मी वरचं निवळ देत होते, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, चमचा तिरका केला तरी घास चटकन ओघळू नये, इतकं घट्ट हवं. गुरगुट्या भात, त्यावर शिजलेली मूगडाळ, अर्धा चमचा साजूक तूप, आणि हे सगळं बोटांनी कुस्करायचं. मिक्सरमधून अगदी गंध करू नकोस, बारीक कण जिभेला कळायला हवेत. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्व कर. मोड आल्यानं नाचणी शिजल्यावर कमी आळते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं.

आणि वेगळा स्वयंपाक अजिबात मांडू नकोस. घरच्या वरणातूनच मीठ-तिखट पडायच्या आधी बाळाची वाटी काढून ठेव. भोपळा, गाजर, बटाटा कुकरमध्ये डाळीच्या डब्याशेजारी शिजतातच. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत दर वेळी अर्धी वाटी जायला लागते. अंगावरचं दूध चालूच ठेव. वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ नको. मध तर मुळीच नको, अगदी चाटणातूनही नको, त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गाईचं दूध मुख्य दूध म्हणून वर्षानंतर, लापशीत थोडं चालतं.

अंडं आणि शेंगदाणा उशिरा द्यावा असं आमच्या वेळी सांगत. आता डॉक्टर उलट सांगतात. सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजलेलं अंडं कुस्करून आणि दाण्याचं मऊ वाटण लापशीत मिसळून चालतं. नवा पदार्थ सकाळी दे, म्हणजे अंगावर पुरळ किंवा उलटी दिवसाउजेडी लक्षात येते. बाळाला मोठा इसब किंवा आधीची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

अख्खा दाणा मात्र कधीच नको. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचा तुकडा, हे सगळं घशात अडकतं. घरात कोणी फुटाणे खात बसलं असेल तर जमीन झाडून घे, बाळ रांगायला लागलं की एक दाणा पुरतो.

पहिल्या दिवसांत बाळ ओकारीचा आवाज करेल, चेहरा लाल होईल, जीभ बाहेर काढेल. तू घाबरू नकोस, घास स्वतः पुढे आणायला ते शिकतंय. बाळ खोकत किंवा रडत असेल तर श्वास चालू आहे. आवाजच फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर घास अडकलाय. तेव्हा तोंडात आंधळेपणानं बोट घालू नकोस. हातावर पालथं घे, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा दे. न निघाल्यास उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच वेळा दाब, आणि हे आलटून पालटून करत राहा. तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा. ही कृती डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष बघून घे, सासूबाईंनाही सोबत ने.

बाळानं मान फिरवली की वाटी बाजूला ठेव. मोबाईल दाखवून उरलेले चार चमचे ढकलू नकोस. माझ्या नातीनं भोपळा सात-आठ वेळा थुंकला आणि नंतर एके दिवशी स्वतःच चमचा ओढून घेतला.