गावात राहून कमी कचरा करायचा तर आधी उकिरड्याकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरातली नोकरी सोडून तुम्ही दोघं विदर्भातल्या आपल्या गावी परत आलात. घरी दोन गाई आहेत, तीन एकर कोरडवाहू वावर आहे, गावात घंटागाडी येत नाही. इंटरनेटवरच्या याद्या बांबूचा ब्रश आणि स्टीलची स्ट्रॉ सांगतात, मग खेड्यात रोज पाळता येतील अशा साध्या सवयी कोणत्या?

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, सासर-माहेर दोन्ही शेतकरी. आमच्याकडे जे चालतं तेवढंच सांगते.

बांबूचा ब्रश राहू द्या. तुमच्या घरातून आणि वावरातून वर्षभरात काय काय निघतं ते एकदा वजनात मांडून पाहा. दोन गाईंचं शेण दिवसाला वीसेक किलो धरलं तर वर्षाला सात टन होतं. तीन एकरांत कपाशी असेल तर दोन-तीन टन पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. वरून सोयाबीन-तुरीचं कुटार, झाडाखालचा पाला, गोठ्यातलं उष्टं वैरण. ब्रश काही ग्रॅमचा. जे टनानं निघतं त्याची सवय आधी लावायची, ग्रॅमवाल्याकडे मग बघू.

आपल्याकडचा उकिरडा म्हणजे रस्त्याच्या कडेला उघड्यावर टाकलेला ढीग. पावसाळ्यात त्यातला कस नालीत वाहून जातो, उन्हाळ्यात तो वाळून खडखडीत होतो, आणि मे महिन्यात बंडीत भरून जे वावरात नेतो ते निम्मी माती आणि निम्म्या पॉलिथिनच्या पिशव्या. यावरचा इलाज आपल्या विदर्भातलाच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जी पद्धत बसवली, तिला त्यांच्याच नावावरून नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं जमिनीवर बांधायचं आणि भिंतीत हवेसाठी भोकं सोडायची. आत काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थरावर थर रचून वरून शेणमातीनं लिंपून टाकायचं. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा आणखी भरायचं. भेगा पडल्या की लिंपायच्या, ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत होतं, एका टाक्यातून अडीच-तीन टन.

यातली खरी गोम अशी की एवढ्या खताला शेण लागतं फक्त शंभर किलोच्या आसपास. काडीकचरा मात्र चौदा-पंधरा क्विंटल लागतो. म्हणजे जे आपण काडी लावून मोकळे होतो तेच यात मुख्य, आणि शेण विरजणापुरतं. विटा महाग वाटल्या तर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कुड करून तात्पुरतं टाकंही चालतं. बांधणं जमतच नसेल तर निदान झाडाच्या सावलीत खड्डा करा, त्याला पालापाचोळ्याचं झाकण राहू द्या आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडा. रोजची सवय म्हणाल तर एकच: गोठा झाडताना प्लास्टिकचा तुकडा दिसला की तिथल्या तिथे वेगळा काढायचा. एकदा शेणात गेला की तो वावरातच जातो, आणि मग दरवर्षी वखराच्या पासेला अडकून वर येतो.

चुलीची राख शेणाच्या ढिगात टाकू नका. राखेमुळं शेणातलं नत्र हवेत उडतं. राख वेगळ्या डब्यात साठवा, भांडी घासायला आणि घरच्या मुगा-तुरीच्या बियाण्याला चोळायला कामी येते.

आता पऱ्हाटी. ती उपटून धुऱ्यावर (बांधावर) ढीग लावून पेटवायची रीत तुम्ही पाहिली असेल. वावर एका दुपारीत मोकळं होतं, म्हणून लोक करतात, त्यांना नावं ठेवून काही होत नाही. दुसरीकडे पऱ्हाटी उभी ठेवून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस, घेणंही वाईट. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कापसाचं काय केलं ते गावात कोणालाही विचारा. न फुटलेल्या बोंडांत ही अळी सुप्त बसून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन नव्या कपाशीवर येते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढायचीच, पण पेटवण्याऐवजी ट्रॅक्टरच्या श्रेडरनं बारीक करून जमिनीत गाडायची किंवा नाडेपच्या टाक्यात घालायची. श्रेडर भाड्यानं मिळतो, चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एका दिवशी बोलावला तर परवडतो. सरपणाला ठेवायची असेल तर आधी किडकी बोंडं तोडून जाळा आणि मृग लागायच्या आत तो ढीग संपवा. आमच्या गावात अजूनही घरामागे दोन-दोन वर्षांच्या पऱ्हाटीचे ढीग आहेत, आणि त्याच घरची मंडळी अळी कुठून येते म्हणून विचारतात.

सरपण निघालं म्हणून बोलते. शहरातून आलेल्या माणसाला चूल म्हणजे निसर्गाच्या जवळचं जगणं वाटतं. चुलीचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, आणि तो तुमच्या नाही, स्वयंपाक करणारीच्या जातो. वरण-भात-चहा गॅसवर करा. डाळ अर्धा तास भिजवा, कुकर वापरा, गॅस आपोआप कमी लागतो. चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅस बघण्यासारखा आहे: दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि मागून निघणारी मळी खत म्हणून सोन्यासारखी. तुमच्या दोन गाईंवर मात्र तो चालणार नाही, कोणी सबसिडीचं आमिष दाखवलं तरी बांधू नका. बंद पडलेले गोबरगॅसचे घुमट खेड्याखेड्यांत पाहायला मिळतात, बहुतेक याच कारणानं.

पाण्याचं मी जरा जास्त लिहीन, कारण आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही. प्यायचं पाणी बाहेरून नळानं येतं, तेही रोज नाही. तुमच्याकडे गोडं पाणी असेल तर तुम्ही नशीबवान, पण छपराचं पाणी धरायचा हिशोब तुम्हालाही लागू आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांचं छप्पर आणि ७०० मिमी पाऊस धरला, वीस टक्के वाया गेलं म्हटलं, तरी पंचवीस हजार लिटरच्या वर जातं. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला रोज पस्तीस लिटर पुरतं, म्हणजे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना चार हजार दोनशे लिटर झालं. पाच हजार लिटरचं झाकणाचं टाकं एवढ्यासाठी पुरेसं आहे. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुण्यात जाऊ द्यायचे, मग पन्हळीचा पाइप टाक्याकडे वळवायचा. तोंडाला जाळी बसवा, आत उजेड जाऊ देऊ नका, नाहीतर शेवाळ धरतं. प्यायच्या आधी उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका.

न्हाणीचं पाणी नालीत सोडू नका. केळी, अळू, कर्दळ लावून त्यांच्या आळ्यात सोडा, बाकीच्यासाठी मीटरभर लांब-रुंद-खोल शोषखड्डा करा. रोजगार हमीतूनही तो होतो, ग्रामपंचायतीत विचारा. नाली कोरडी राहिली की डासही कमी होतात. कूलर तर तुम्ही घेणारच. आमच्या भागात ४५ अंशांत कूलर लावू नका असं सांगणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर गेली तरच गार वाटतं, आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून पुसून कोरडी करा. ते पाणी झाडांना द्या.

स्वयंपाकघरात तुम्हाला मी काय शिकवू, ते तुमच्या आईला विचारा. शिळ्या पोळीचा कुस्करा, भाकरीचे तुकडे गाईला, उन्हाळ्यात मुंगवड्या आणि कुरड्या, सांबार (कोथिंबीर) स्वस्त झाला की वाळवून ठेवणं, हे घरोघर आहेच. एक मात्र बजावते: उरलेलं अन्न पॉलिथिनच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर फेकू नका. गाय पिशवीसकट खाते.

प्लास्टिकचं दुखणं असं की ते येतं रोज आणि जातं कुठंच नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून हँडलच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, २०२२ च्या १ जुलैपासून देशभरातही एकदा वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली. आठवडी बाजारात जाऊन बघा, पाव किलो मिरची अजूनही पिशवीतच मिळते. म्हणून बाजाराची थैली सायकलच्या किंवा गाडीच्या हँडललाच कायम अडकवून ठेवायची, घरात ठेवली की विसरते. जुन्या लुगड्याची शिवली तर वर्षानुवर्षं टिकते. बाटल्या, डबे, दुधाच्या पिशव्या धुऊन एका पोत्यात साठवा, भंगारवाला घेतो. शाम्पूच्या, गुटख्याच्या, चिप्सच्या चमकत्या पुड्या तो घेत नाही. त्यांना विकून-बिकून सुटका नाही, त्या घरात न येणं एवढाच उपाय. शाम्पूची बाटली आणली तर महिन्याच्या तीसेक पुड्या वाचतात. आणि पॉलिथिननं चूल पेटवायची सवय आमच्याकडे सर्रास आहे, तुमच्या घरी असेल तर पहिल्या दिवशीच बंद करा. त्यासाठी वाळल्या गोवरीचा चुरा आणि तुराटी पुष्कळ झाली.

फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांचं मी वेगळं सांगते, कारण हा कचऱ्यापेक्षा जिवाचा प्रश्न आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. औषध ओतल्यावर डबा तीन वेळा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच टाकायचं, मग डब्याला भोकं पाडायची. भोकं पाडायचीच, नाहीतर कोणीतरी त्यात तेल किंवा पाणी भरतं. विहिरीवर, नाल्यात, धुऱ्यावर तो फेकायचा नाही. फवारणी मुळात कमी व्हावी असं वाटत असेल तर जूनमध्ये कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळली की पाच टक्क्यांचा अर्क होतो. मावा-तुडतुड्याच्या सुरुवातीला तो चांगला काम करतो; प्रादुर्भाव वाढल्यावर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

विजेचं दोन ओळींत: साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळपास अकरा युनिट, नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटच्या थोडा वर. उन्हाळ्यात पंधरा-पंधरा तास चालणारा जुना पंखा बदलून कमी वॅटचा घेतला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. जुना मोडेपर्यंत मात्र थांबा, चालती वस्तू टाकून नवी आणणं हेही वायाच घालवणं.

घंटागाडी नाही याबद्दल कुढत बसू नका, ग्रामसभेत उठून बोला. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २०२१ ते २०२६ साठी १५ व्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीला मिळालेल्या निधीतला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता, तो कशावर खर्च झाला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पहिल्या सभेत सगळे तुमच्याकडे बघतील, कारण बोलणारे नेहमीचे चारच असतात.

आणि या सगळ्या सवयी घरात कोणाच्या अंगावर पडतात तेही आधीच ठरवा. वेगळं काढणं, धुणं, वाळवणं हे सगळं बाईचं आणि हिरव्या जगण्याचं कौतुक घरमालकाचं, असं बऱ्याच घरांत होतं. आमच्याकडे टाकं भरणं आणि भंगाराचं पोतं सांभाळणं हे पुरुषांचं काम आहे, म्हणूनच टिकलंय.

राहिली लग्नं आणि पंगती. एका लग्नात होतो तेवढा प्लास्टिकचा कचरा घरात वर्षभरात होत नाही. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, पण २० डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीच्या महाप्रसादानंतर देवळामागं चंदेरी पत्रावळींचा ढीग धुमसताना मी पाहिलाय. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण मागणी नोंदवली तर अजूनही मिळतात, जेवण झालं की सरळ नाडेपमध्ये. आमच्या बचत गटानं दुसरा मार्ग काढला: स्टीलची ताटं-वाट्या-पेले विकत घेतले आणि भाड्यानं देतो. धुऊन परत द्यायची अट आहे, हरवलं तर भरपाई. डिस्पोजेबलपेक्षा स्वस्त पडतं म्हणून लोक नेतात, पर्यावरणासाठी कोणी नेत नाही. तुमच्या गावातल्या एखाद्या गटाला हे सुचवून बघा, भांडवल एका हंगामातच बरंचसं निघून येतं. फक्त मे महिन्यातलं लग्न असेल तर जानेवारीतच नाव लिहून ठेवावं लागतं, नाहीतर ताटं मिळत नाहीत.