‘मी आलो’ म्हणणाऱ्या बायका

प्रश्न एका बाईंचा आहे. नवऱ्याच्या बदलीमुळे त्या पुण्याहून बेळगावात, वडगावला राहायला आल्या आहेत. शेजारच्या काकू रोज म्हणतात, ‘मी बाजारला जाऊन येतो’, ‘मी आत्ताच जेवलो’. आता या बाईंची बालवाडीतली मुलगीही दारातून ‘आई, मी आलो’ अशी हाक देते. हे अशुद्ध आहे का, कानडीमुळे झालं आहे का, आणि मुलीला टोकायचं की नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

अशुद्ध नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर या सगळ्या भागात असंख्य बायका असंच बोलतात, आणि ठरलेल्या नियमाने बोलतात. तो नियम नीट पाहिला की ‘बायका पुल्लिंगी बोलतात’ हे म्हणणं टिकत नाही. पुल्लिंगी असतं, तर काकू ‘मी एकटाच आलो’ म्हणाल्या असत्या. त्या म्हणतात ‘मी एकटीच आलो’. ‘एकटी’ स्त्रीलिंगीच राहिली. फक्त क्रियापदाने लिंग दाखवायचं सोडून दिलं आहे, तेही बोलणारी स्वतःविषयी बोलते तेवढ्यापुरतं. तिसऱ्या माणसाविषयी बोलताना सगळं जागच्या जागी असतं: आई आली, बाबा आला, पोरगं आलं.

आता प्रमाण मराठीकडे बघा. ‘आम्ही आलो’ पुरुषही म्हणतात, पुण्यातल्या बायकाही म्हणतात. तिथे कुणाला काही खटकत नाही. ‘मी येईन’, ‘मी येऊ का?’, ‘मी भाकरी केली’, यातही बोलणारा बाप्या आहे की बाई ते कळत नाही. म्हणजे ‘मी’बरोबर बोलणाऱ्याचं लिंग दाखवणारी रूपं मुळात थोडीच: येतो-येते, आलो-आले, होतो-होते अशी. आमच्याकडे, बेळगाव भागात, ती थोडीही एक झाली आणि ‘मी’ ‘आम्ही’च्या वाटेने गेला. शेजारच्या भाषांत हे नवं नाही. गोव्याच्या कोकणीत ‘हांव वतां’ पुरुषाचंही आणि बाईचंही. गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ तसंच.

कानडीचं काय? कानडीत ‘नानु बंदे’, म्हणजे मी आलो किंवा मी आले. तिथे लिंग दिसत नाही. ‘अवनु बंदनु’, ‘अवळु बंदळु’ यांत मात्र तो आणि ती वेगळे पडतात. आमच्या बोलीची घडण याच्याशी इतकी जुळते की संबंध नाही असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. पण नुसती नक्कल म्हणावी, तर दुसऱ्या पुरुषात, म्हणजे ‘तू’बरोबर, कानडी लिंग पाळत नाही आणि आम्ही पाळतो: ‘कवा आलीस गं?’, ‘कवा आलास रे?’. माझं मत असं की मराठीतच ‘आम्ही आलो’ने वाट करून ठेवली होती, आणि दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदणाऱ्या वस्तीत ती वाट रुळली. हे १९५६च्या राज्यपुनर्रचनेने घडलेलं नाही. त्याआधी बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. कानडीचा शेजार त्याहून कितीतरी जुना आहे.

आमची गल्ली वडगावात, विणकरांची. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा मागावरच्या साड्यांचा भाग. घरात पुढच्या सोप्यात माग, मागे चूल, आणि मधल्या जागेत आई, आजी, शेजारची अक्का कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरत बसलेल्या. एका हाताने राट, म्हणजे चरखा, फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत कांडीवर सोडायचं. सूत ढिलं पडलं तर मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात कांडी अडकते, फार ताणलं तर तुटतं. म्हणून नजर चिमटीवर आणि बोलणं मान वर न करता. यंत्रमाग सुरू असताना तर ओरडल्याशिवाय ऐकूच जायचं नाही. एका घरातनं मराठीत हाक, समोरच्या घरातनं कानडीत उत्तर. आजी मला मराठीत रागवायची आणि त्याच दमात सुताच्या माणसाशी कानडीत हिशेब घालायची. लाईट गेली की सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबायचे आणि मग बायकांचे आवाज सुटे ऐकू यायचे: ‘दमलो गं बाई’, ‘मी अजून कांड्याच भरूलालोय’, ‘थांब, पाणी ठेवून आलो’. मंगाईच्या जत्रेला माहेरवाशिणी आल्या की दारातनंच ‘आई, आलो!’. पुरुषासारखं बोलतोय असं त्यांच्यातल्या कुणाच्या मनातही नसायचं. मला हीच मराठी आधी आली.

मग शाळा. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत मी ‘बाई, मी पाणी पिऊन येतो’ म्हणाले, तर बाईंनी विचारलं, ‘तू मुलगा आहेस का?’ वर्ग हसला. त्या दिवसानंतर गल्लीतल्या आम्हा मुलींची दोन तोंडं झाली, शाळेत ‘येते’ आणि घरात ‘येतो’. प्रमाण रूप शिकवायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या प्रश्नाची आहे. त्या प्रश्नाने आई, आजी, अक्का सगळ्याच चुकीच्या ठरल्या, आणि आमच्यातल्या काही मुली घरी जाऊन आईला सुधारू लागल्या. दिवसभर राट ओढलेल्या बाईला तिची पोर सांगते की तुला नीट बोलता येत नाही, हे मी माझ्या घरात बघितलं आहे.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. इथला मराठी माणूस भाषेच्या बाबतीत हळवा आहे, आणि त्याला कारणंही आहेत. त्यामुळे ‘हे कानडीमुळे’ असं कुणी म्हटलं की ते आरोपासारखं लागतं. लागू नये. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कानडीशी नातं सांगतात आणि अख्खा महाराष्ट्र ते बिनदिक्कत वापरतो. शब्द आलेले चालतात, मग रूपांनी एकमेकांचं वळण घेतलं तर मराठी उणी होते असं मला वाटत नाही.

मी आजही लिहिताना ‘आले’ लिहिते आणि वडगावच्या घराची पायरी चढताना ‘आलो’ म्हणते. आईच्या तोंडी तर दुसरं रूप कधी आलंच नाही.

तेव्हा मुलीला टोकू नका. ती काकूंकडून अचूक शिकली आहे. पुढे शाळेत वहीत लिहायची वेळ येईल तेव्हा सांगा, की काकूंकडे ‘आलो’ म्हणतात, पुस्तकात ‘आले’ लिहितात. एवढ्या वयाची मुलं हे चटकन पकडतात. वडगावातली बरीच पोरं त्याच वयात मराठी आणि कानडी अदलून-बदलून बोलत असतात. काकूंशी बोलताना तुम्हाला ‘आलो’ म्हणायची गरज नाही. तुमचं ‘आले’ त्यांना व्यवस्थित कळतं. फक्त मुलगी उद्या ‘आई आला’ म्हणाली, तर ते जरूर दुरुस्त करा. तसं काकूही बोलत नाहीत.