गाठ पूर्ण निघाली, बोन मॅरोही स्वच्छ. मग भावाला केमो कशाला?

सतरा वर्षांच्या भावाच्या मेंदूच्या आवरणाला चिकटलेली गाठ सर्जननी पूर्ण काढली, बायोप्सीत मायलॉइड सार्कोमा आला, बोन मॅरोत काही नाही, तरी ब्लड कॅन्सरची केमो का, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. केमो टाळू नका.

ही गाठ डोक्यात सापडली, पण मेंदूची नव्हे. एरवी रक्तात दिसणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींनी आधी तिथे बिऱ्हाड थाटलं, एवढंच. नुसतं ऑपरेशन किंवा रेडिएशन करून थांबलेल्या बहुतेक रुग्णांना काही महिन्यांतच एएमएल (अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर) होतो. म्हणून मॅरो स्वच्छ असला तरी उपचार एएमएलचेच.

एमआरआयवर ही बऱ्याचदा हुबेहूब मेनिंजिओमासारखी, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या, बहुधा साध्या गाठीसारखी दिसते, त्यामुळे सर्जनचा आधीचा अंदाज चुकला असेल तर त्यांना दोष देऊ नका. मीही फसलोय. एकदा ऑपरेशन चालू असताना आलेला तुकडा पाहून मी फोनवर ‘लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर) वाटतोय’ म्हणून मोकळा झालो. तुकडा कापला तेव्हा आतून चक्क हिरवट होता आणि ट्रेमध्ये पडल्या पडल्या तो रंग उतरत गेला. दुसऱ्या दिवशी मायलोपेरॉक्सिडेज या मायलॉइड पेशींतल्या एन्झाइमच्या स्टेनमध्ये पेशी तपकिरी झाल्या आणि निदान बदललं. हिरवा रंगही त्याच एन्झाइमचा. १८५३ मध्ये या गाठीला ‘क्लोरोमा’ हे नाव पडलं ते त्यावरूनच. अर्थात प्रत्येक गाठ हिरवी नसते.

आता डॉक्टरांना हे विचारा: ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) जनुकीय तपासणी झाली का? विशेषतः ८ आणि २१ या गुणसूत्रांची अदलाबदल, किंवा १६ व्या गुणसूत्रातली उलटापालट. त्यावर पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागेल की नाही, हे बरंचसं ठरतं. डोक्यातला दाब बघून, सुरक्षित असेल तेव्हा पाठीतलं पाणी काढून तपासलं का? सायटॅराबिन हे केमोचं औषध मोठ्या डोसमध्ये मेंदूपर्यंत पोहोचतं, म्हणून भर त्यावर असतो. गरजेनुसार पाठीतूनही औषध देतात. रेडिएशन लागेलच असं नाही.

आणि केमोची पहिली सलाइन लागण्याआधी पुढे मूल व्हावं म्हणून वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा. मुलगा लाजेल, आईवडील विषय काढणार नाहीत, डॉक्टर गडबडीत असतील. तुम्हीच विचारा.